दोरीवरचे कपडे

नामीमावशी कुठल्याही नव्या जागी गेल्या की आधी मान वर करून कपडे वाळत घातलेली दोरी शोधायच्या. गल्ली असो, सोसायटी असो, परदेशातलं शहर असो, बाकी काय बघायचं ते नंतर. दोरी दिसली आणि तिच्यावर ओले कपडे दिसले की त्यांचा चेहरा थोडा सैल पडायचा. नाही दिसली, तर ओठ मिटून, पदर कमरेला खोचून त्या पुढचे दोन तास कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवत नसत. मी त्यांना अकरा दिवस परदेशात फिरवलं आहे, तेव्हा हे ऐकीव नाही.

माझं पनवेलमध्ये टूरचं ऑफिस आहे. पासपोर्ट, व्हिसा, कांदा-लसूण चालतो का, गुडघे कसे आहेत, एवढ्यावर माझा दिवस जातो. मावशींना पहिल्यांदा ऑफिसात घेऊन आला तो त्यांचा मुलगा जगदीश. मावशी तेव्हा सत्तरीच्या आसपास होत्या. आगरी पद्धतीने घट्ट नेसलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी, आणि नजर अशी, की बाजारात कोलंबी ताजी आहे का ते बघावं तशी त्यांनी माझी खुर्ची, टेबल आणि मला बघून घेतलं. बसायच्या आधी त्या भिंतीवरच्या पोस्टरसमोर उभ्या राहिल्या. पोर्तुगालमधल्या आवेरो शहराचं पोस्टर होतं ते. मधून कालवा, त्यात रंगवलेल्या होड्या, काठाला निळी-पिवळी घरं, आणि वर निळं आकाश.

"यात रहातंय कोन?" त्यांनी विचारलं.

"लोक राहतात, मावशी."

"मंग कपरे कुठं वालत घालतान?"

मी म्हटलं, फोटोच्या वेळी काढले असतील.

"कोनी?"

मी चहा मागवला, बिस्किटंही मागवली. मावशींनी चहा घेतला, बिस्किटांकडे नुसतं बघितलं, आणि कप खाली ठेवून पहिलाच प्रश्न परत विचारला. "यात रहातंय कोन, गो बाय?"

ही त्यांची पद्धत होती. प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न त्या दोनदा विचारायच्या, आणि दोन वेळांच्या मध्ये चहा लागायचा. मला त्यांनी पुढे समजावून सांगितलं होतं, "येकदा इचारलं की मानूस तोंडानं बोलतो. चा प्याला, जरा बसला, की त्याना वाटतं सुटलो. तवा परत इचारायचं. मंग पोटातून येतं." डॉक्टर, भाजीवाला, तलाठी, सून, कोणालाही यातून सूट नव्हती.

मावशींचं घर खाडीकाठच्या गावात होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा घराच्या मागे मिठागरं होती आणि त्या डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायच्या. मिठागरांवर भराव पडला, त्यावर रस्ते आले, रस्त्यांना टॉवर आले, आणि शेवटी अगदी दाराशी म्हणावं असा विमानतळ आला. आजूबाजूच्या लोकांनी जुनी घरं पाडून चार-चार मजले चढवले. मावशींनी घराला हात लावू दिला नाही. कौलारू, ऐसपैस घर, पुढे ओटा, बाजूला विहीर. सगळं धडधाकट, दर उन्हाळ्यात कौलं चाळलेली. ओट्याच्या दोन खांबांना बांधलेली नायलॉनची दोरी, आणि तिच्यावर रोज सकाळी लुगडी. रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातलं कोण आजारी आहे, कोण माहेरी आलंय, हे त्या दोरीवरून कळायचं, असं त्या म्हणत.

जगदीश रोडपालीत नवव्या मजल्यावर राहायचा. त्याच्याकडे भाड्याने द्यायच्या गाड्या होत्या. माझ्याशी तो कायम शुद्ध, नेटकं मराठी बोलायचा, मधूनमधून इंग्रजी; आगरी फक्त आईशी, तेही फोनवर, आवाज खाली करून. आईने आपल्याकडे राहायला यावं असं त्याला मनापासून वाटायचं. मावशी दोनदा चार-चार दिवस राहून आल्या. "त्याच्या सोसायटीत कपरे बाहेर घालू देत नाय," त्यांनी मला सांगितलं. "वाचमन वर येतो सांगाला. मंग मी तिथं हाय का मेले, ते मानसांना कलाचं कसं?"

आता कबूल करायची गोष्ट. जगदीशची आणि माझी एक योजना होती. विमानतळ सुरू झाला, आता बाहेरचे लोक येणार, त्यांना हॉटेलची खोली नको असते, काहीतरी 'इथलं' हवं असतं. मावशींच्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या करायच्या, जेवायला तांदळाची भाकरी आणि खाडीची मासळी, अंगणात मिठाचे दोन छोटे वाफे दाखवण्यापुरते. गिऱ्हाईक मी आणणार, घर जगदीश बघणार. मावशींनी फक्त ओट्यावर बसायचं. घर मात्र मावशींच्या नावावर होतं आणि त्यांची सही लागणार होती. त्या सहा महिने हो म्हणत नव्हत्या आणि नाही म्हणत नव्हत्या.

तेव्हा मीच जगदीशला सुचवलं की आईला आवेरोला पाठवू. तिथेही मिठागरं आहेत. पूर्वी तिथल्या बायकाही डोक्यावरून मीठ वाहायच्या. आज त्याच मिठागरांवर, त्याच होड्यांवर शहर जगतंय. मावशींना डोळ्यांनी दिसलं की त्या सही करतील. हे मावशींना सांगायचं नाही, असं ठरवूनच जगदीश त्यांना पहिल्यांदा माझ्या ऑफिसात घेऊन आला होता. मला ही कल्पना तेव्हा हुशारीची वाटली होती.

सप्टेंबरात आमचा चौदा जणांचा ग्रुप निघाला. बहुतेक खारघरची निवृत्त जोडपी. मावशी कोणात मिसळल्या नाहीत आणि कोणाच्या आड आल्या नाहीत. विमानात त्यांनी हवाई सुंदरीला दोनदा विचारलं की गाडी कोन चालवतंय, आणि दुसऱ्यांदा उत्तर सारखंच आल्यावर झोपल्या.

आवेरोची आमची गाइड इनेश नावाची तिशीतली मुलगी होती. ती इंग्रजीत बोलायची, मी ग्रुपसाठी मराठी करायचे. कालव्यातल्या होडीत बसल्यावर तिने सांगितलं की या होड्या पूर्वी खाडीतलं शेवाळ गोळा करायच्या, ते शेतात खत म्हणून जायचं. मावशींनी होडीच्या तळावर हात फिरवला. "आता काय गोला करतान?"

मी विचारलं. इनेश हसली आणि आमच्याकडे बोट दाखवलं.

मावशी हसल्या नाहीत. त्या पुलाखालून जाताना मान वर करून खिडक्या मोजत होत्या.

दुपारी आम्ही कोळ्यांच्या जुन्या वस्तीत शिरलो. सुंदर गल्ल्या, टाइल लावलेल्या भिंती, दारासमोर कुंड्या. कुठेही कचरा नाही. आवाज एकच, पुढच्या गल्लीत कोणाच्या तरी बॅगेची चाकं दगडांवरून खडखडत जात होती. दारांच्या बाजूला आकड्यांची छोटी कुलपं लावलेली होती, त्यांत किल्ली ठेवलेली असते, भाड्याने आलेला माणूस आकडे फिरवून स्वतःच दार उघडतो. ही सोय मी आमच्या घरासाठी मनात टिपून ठेवली होती. मावशींनी ती कुलपं बघितली आणि विचारलं, "घरात मानूस असता तर किल्ली भिंतीवर कशाला ठेवली असती?"

पुढे एका खानावळीच्या दारावर आडवी दोरी होती. तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, लाल रुमाल, पांढरा एप्रन. ग्रुपमधल्या एका काकांनी लगेच फोटो काढला. "बघा मावशी, तुमची दोरी," मी म्हटलं. मला सुटल्यासारखं झालं होतं.

मावशी पुढे गेल्या, टाचा उंचावल्या, सदऱ्याची बाही चिमटीत धरली आणि मग आपली बोटं माझ्यासमोर आणली. बोटांवर धूळ होती.

"यो कदी कोनी आंगात घातला नाय," त्या म्हणाल्या. "यो टांगलाय."

त्यानंतर त्यांचा संशय मोकाटच सुटला. दारात बसलेलं मांजर खरं का, चर्चची घंटा कोणी वाजवतं का आपोआप वाजते, खिडकीतल्या कुंडीतलं फूल प्लास्टिकचं का. त्या प्रत्येक गोष्टीला हात लावून बघत होत्या. मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू. चौदा माणसांचा ग्रुप एका बाईच्या बोटांसाठी थांबत होता. एका अरुंद बोळात वरच्या खिडकीतून एक चादर खाली लोंबत होती. मी काही म्हणायच्या आत मावशींनी तिचं टोक धरून ओढलं. पाण्याचे थेंब थेट त्यांच्या तोंडावर पडले, आणि वरून एका म्हातारीचं डोकं बाहेर आलं. ती म्हातारी जे बोलली त्याचं भाषांतर इनेशने केलं नाही. तिचे कान लाल झाले होते.

मावशींनी तोंड पदराने पुसलं. त्या दिवसात पहिल्यांदा त्या हसल्या. "ही खरी हाय," त्या म्हणाल्या. "बघ कवऱ्या शिव्या घालते." आणि वर बघून त्यांनी हात जोडले. म्हातारीने खिडकी धाडकन लावून घेतली.

बोळातून बाहेर आल्यावर त्यांनी इनेशला विचारायला लावलं, "तू कुठं रहातेस?"

"इथंच," इनेश म्हणाली.

कॉफीला थांबलो. तिथे चहा म्हणजे कोमट पाण्यात बुडवलेली पुडी, पण मावशींनी तो घेतला. मग परत विचारायला लावलं. मला संकोच वाटत होता, तरी विचारलं. इनेशने कप फिरवला. ती ट्रेनने पाऊण तास लांब राहत होती. इथे तिच्या आजीचं घर होतं, भाड्याचं. मालकाने ते पाहुण्यांसाठी मागितलं. आता दारावर आकड्यांचं कुलूप आहे. रोज ग्रुप घेऊन ती त्या दारावरून जाते. आज आपणही गेलो, तिसरं निळं दार. माहितीत ते येत नाही, म्हणून ती काही सांगत नाही.

मी हे मराठीत केलं. मावशींनी आपल्या बशीतला केक इनेशकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी मिठागरं. ज्यासाठी मी मावशींना आणलं होतं तो दिवस. सपाट पाणी, मातीचे बांध, पांढऱ्या मिठाचे ढीग, वर समुद्रपक्षी. मावशी बसमधून उतरल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. त्यांनी खाऱ्या हवेचा वास नाकात जोरात ओढून घेतला. तिथे अकरा वाजता मीठ ओढून दाखवायचा कार्यक्रम असतो. आमच्यासारखे तीन ग्रुप बांधावर रांगेने उभे होते. वाफ्यात एक सत्तरीचा माणूस आला, मनुएल नावाचा. डोक्यावर गवती टोपी, कमरेला लाल पट्टा, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्याने लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढायला सुरुवात केली.

"नाटकातला हाय," मावशी म्हणाल्या.

"मावशी, हा खरा मीठवाला आहे."

"टोपी नवी. पट्टा नवा. आनि बूट घालून कोनी मिठात उतरतं का? तल फुटंल ना." वाफ्याचा तळ पायाने तुडवून घट्ट करायचा असतो, बोटाने चाचपत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. "त्याना सांग, पाय दाखव."

मी नको म्हटलं. त्यांनी इनेशकडे वळून स्वतःच्या पायाकडे आणि त्याच्या बुटाकडे बोट दाखवलं. इनेशने विचारलं. मनुएलने फळी थांबवली, मावशींकडे बघितलं, लुगड्याकडे बघितलं. मग तो बांधावर बसला आणि दोन्ही बूट ओढून काढले.

मी तळवे फार बघितलेले नाहीत. ते जाड होते, पिवळट, कडांना पांढऱ्या रेघांनी चिरलेले. मावशी खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्याच्या शेजारी बांधावर बसल्या, सँडल काढली आणि आपला पाय त्याच्या पायाशेजारी ठेवला. तेच तळवे होते. चाळीस वर्षांपूर्वी मिठागर सुटलं तरी चिरा गेल्या नव्हत्या. मनुएल काहीतरी म्हणाला, आणि अंगठ्याने आपल्या टाचेवर एक जागा दाखवली. मावशींनी आपल्या टाचेवर तीच जागा दाखवली. दोघंही हसली.

मग प्रश्न सुरू झाले. मावशींकडून मी, माझ्याकडून इनेश, आणि उलट.

"यो मीठ खातंय कोन?"

छोट्या पिशव्या होतात, मनुएल म्हणाला. दुकानात विकतात. लोक आठवण म्हणून नेतात.

"तुज्या पोराला येतं का?"

मुलगा लक्झेंबर्गला बस चालवतो.

"भरती आली की उघाडी कोन उघरतं?"

उघाडी म्हणजे बांधातलं समुद्राचं पाणी आत घ्यायचं दार. मी ते कसंबसं समजावलं. मनुएलचा चेहरा बदलला. भरती कार्यक्रमाची वेळ बघून येत नाही, तो म्हणाला. कधी पहाटे येते, कधी पावसात. तेव्हा मी येतो. एकटा. तेव्हा टोपी नसते. ते कोणी बघत नाही.

"मंग यो खरा," मावशी म्हणाल्या. "कोनी बघत नाय तवा पन करतो."

त्या त्याला आणखी काही विचारणार होत्या, पण मान वर केली आणि थांबल्या. बांधावर तिन्ही ग्रुप होते. तीस-चाळीस फोन. सगळे या दोघांवर रोखलेले, दोन म्हातारी माणसं, दोन पाय मिठात. आमच्या ग्रुपमधल्या काकू म्हणत होत्या, "मावशी, जरा इकडे बघा ना. पाय तसेच ठेवा."

मावशींनी पाय उचलला. सँडल घातली, बंद लावला, आणि उठून बसमध्ये जाऊन बसल्या. बसचा पडदाही ओढून घेतला.

संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात त्यांनी मला बोलावलं. बाहेर अजून ऊन होतं.

"मना इथं कशाला आनलीस, गो बाय?"

"फिरायला, मावशी. जग बघायला."

"बरा," त्या म्हणाल्या. त्यांनी घरून आणलेली चहाची पुडी काढली, गरम पाणी मागून चहा केला, माझा कप माझ्यापुढे ठेवला. आम्ही प्यायलो. मी कप खाली ठेवला आणि मला कळलं आता काय येणार आहे.

"मना इथं कशाला आनलीस?"

मी सांगितलं. घर, जगदीश, सही, सगळं.

"मना ठाव व्हतं," त्या म्हणाल्या.

"जगदीशने सांगितलं?"

"नाय. तू पयल्या दिशी बिस्किटा मागवलीस. तुज्या हापिसात गिऱ्हाइकाला बिस्किटा देतान का?"

देत नाही. मग माझंही डोकं फिरलं आणि मी म्हटलं, "मावशी, लोक आलेच नाहीत तर मनुएलचं मिठागर उद्या बुजेल. तुमचं बुजलं तसं. मग कोणती उघाडी उघडणार तो?"

त्यांनी मान हलवली. माझं म्हणणं त्यांनी उडवून लावलं नाही, हे सांगायला हवं. "येऊ दे की मानसा. मी कुठं नको बोलते? पन त्या निल्या दाराआत त्या पोरीची आजी पायजे व्हती. पावना आला तर तिच्या घरात आला पायजे. आता पावना पावन्याच्याच घरात येतो."

परत आल्यावर आठवड्याभराने आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. जगदीशने कागद आणले होते, सजावट करणारी एक बाईही आली होती. ती बाई म्हणाली, ओटा अप्रतिम आहे, फक्त दोरी मागे घेऊ या. मावशी म्हणाल्या, दोरी इथंच राहील. आणि त्यांनी आपली अट सांगितली. बाकी सगळ्या खोल्या पाहुण्यांना द्या, पण एक खोली राहती पाहिजे. बारा महिने. घरच्या माणसांची. त्यांच्यानंतर जगदीशने यायचं, बायकोमुलींना घेऊन. हे कागदावर लिहा, मी सही करते.

जगदीश हसला. मग आई हसत नाही हे बघून माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही समजावा जरा. मुलींच्या शाळा तिकडे, माझा धंदा तिकडे. असं कागदावर कसं लिहिणार?"

मी समजावलं. नीटच समजावलं, माझाही त्यात फायदा होता. मावशींनी ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "तू राहशील का मंग इथं?" मी म्हटलं बघू. जगदीशसोबत आलेल्या सुनेने चहा आणला. चहा झाल्यावर त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, नाही राहणार.

"बरा झाला खरा बोललीस," त्या म्हणाल्या, आणि कागद घडी करून जगदीशच्या हातात दिला. सही नव्हती.

आवेरोहून त्यांनी एकच वस्तू आणली होती, मनुएलच्या मिठाची पिशवी. आमच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांची ती अजून शोकेसमध्ये आहे. मावशींनी पहिल्याच आठवड्यात ती फोडून बोंबलांना लावली. चव कशी होती विचारलं तर म्हणाल्या, "मिठासारखी."

पुढच्या वर्षी त्या गेल्या. पाच-सहा दिवस ताप होता, रोडपालीला जायला तयार नव्हत्या, जगदीशच रजा काढल्यासारखा येऊन राहिला. मी भेटायला गेले त्या दिवशी दोरीवर त्यांची दोन लुगडी आणि जगदीशचा टॉवेल होता. तो टॉवेल मला दाखवत त्या म्हणाल्या, "बघ, रस्त्यावरच्या मानसांना कललं आसंल, पोर आलाय." त्यानंतर तीन दिवसांनी त्या गेल्या.

अट कागदावर आलीच नव्हती. घर जगदीशच्या नावावर झालं. त्याने मला भागीदारीचं परत विचारलं, मी नको म्हटलं. मागाहून कळलं की त्याने दुसऱ्या कोणाला भागीदार घेतलं. त्याला दोष देत नाही. माणसाला दोन मुली आहेत आणि गाड्यांचा धंदा बसलाय. सहा महिन्यांनी त्याने फोन करून बोलावलं, "मॅडम, एकदा बघून तरी जा."

गेले. काम चांगलं केलं होतं. कौलं धुतलेली, ओटा सारवल्यासारखा रंगवलेला, अंगणात मिठाचा एक वाफा, त्याच्या कडेला लांब दांड्याची फळी उभी. दाराच्या बाजूला आकड्यांचं कुलूप. आणि ओट्याच्या दोन खांबांना आडवी दोरी, तिच्यावर तीन लुगडी, हिरवं, लाल, जांभळं.

"आईची आठवण ठेवलीय," जगदीश म्हणाला. "पाहुणे पहिला फोटो इथंच काढतात."

मी जवळ गेले. लाल लुगड्याची कड चिमटीत धरली. मग बोटं बघितली आणि ती रुमालाला पुसली. दोरीच्या गाठीला जाळं धरलं होतं.

"इथं कोण राहतं, जगदीश?"

"आम्हीच की, मॅडम. येऊन-जाऊन असतोच."

कामावरची बाई चहा घेऊन आली. सोबत बशीत बिस्किटं होती. जगदीश विमानाच्या वेळा सांगत होता, कुठल्या देशाचे लोक जास्त येतात ते सांगत होता. मी चहा प्यायले. पूर्ण प्यायले, कप खाली ठेवला.

"इथं कोण राहतं?"

जगदीशने माझ्या कपाकडे बघितलं, मग दोरीकडे. वरून एक विमान गेलं.

"कोनी नाय," तो म्हणाला.